त्रेचाळीस टक्के

तन्वीर तापकीर गल्लीतून पेनड्राइव्ह घेऊन आला,
खुर्चीवरची माझी शाल बाजूला सारत म्हणाला,
ताई, त्या 'सात'वर अजून किती दिवस काढणार?
बनवणारेसुद्धा विसरले तिला.

खरं होतं.
नव्या कॅमेऱ्याच्या फाइली माझं मशीन उघडायचंच नाही.
दारात आलेल्या पाहुण्याकडे
म्हातारं माणूस बघत राहतं ना,
नाव आठवेपर्यंत,
तसं.

मग निळा पडदा. गोल फिरणारे ठिपके.
'कृपया कॉम्प्युटर बंद करू नका.'
मंगळवार पेठेत इतक्या आदबीनं
मला कुणी दटावलं नव्हतं.

अठरा टक्क्यांवर कुदळे आले.
रेशनकार्डावरून सोडवलेला फोटो, वहीच्या कागदात गुंडाळलेला.
उद्या दहावा. बारा बाय अठरा. फ्रेमसकट.
मी म्हटलं, मशीन आत्ता कुणाचंच नाही हो.
जुनं गेलंय, नवं अजून आलेलं नाही.
त्यांनी मान हलवली,
जणू मी त्यांच्याच घरचं काही सांगितलं.

बसले.

त्रेचाळीसवर आकडा अडकला तो अडकलाच.
तन्वीरनं यूपीएसला हात लावून पाहिला,
लाइट गेली तर सात मिनिटं, म्हणाला, आणि दोन कटिंग सांगून आला.
कुदळे बोलू लागले, विचारलं नसताना.
मंडईत एकतीस वर्षं. मेथी, चुका, अंबाडी.
अंगठ्याचं नख कायम हिरवं.
रंग? सावळी.
म्हणजे कशी सांगू,
भाजीवर टाकतो ते ओलं गोणपाट असतं ना.
उन्हात जरा तांबूस मारायचं.

माझ्याकडे एक बटण होतं, एफ-टू.
आधीच्या अल्गुड्यांनी बनवून ठेवलेलं, नाव दिलेलं 'लग्न'.
दाबलं की चेहरा दोन छटा उजळ,
सुरकुत्या साफ, डोळ्यांत चमक.
नवऱ्या मुलींसाठी केलेलं,
दहाव्यालाही तेच वापरायचो.

पावणेअकराला आकडा एकदम एकाहत्तर झाला.
तीनदा बंद, तीनदा चालू,
आणि समोर कुठलंसं परदेशी तळं.
माझी सगळी चित्रं जागा सोडून बसलेली.
'भावपूर्ण श्रद्धांजली' उघडलं तर
ß, %, उलटं प्रश्नचिन्ह,
नुसती किडामुंगी.
एफ-टू दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.
बॅकअपात असेल, टाकू का? तन्वीर म्हणाला.
नको, म्हटलं. आधी हे होऊ दे.

जांभळा शिक्का नेमका खांद्यावर होता.
तो पुसण्यात तास गेला, लुगड्याचा काठ
पुन्हा दोऱ्यादोऱ्यानं विणावा लागला.
मग रंग.
कुदळे पाठीमागे उभे:
अजून. अजून थोडी.
नाही, मागे या.
हां, थांबा.

आणि मग गालावरचा तो ठिपका.
हा तीळ का हो? की धूळ?
ते वाकले. चष्मा काढला, घातला.
बराच वेळ पंख्याचाच आवाज.
मग यवतला बहिणीला फोन लावला, मध्यरात्री,
ती झोपेतून म्हणाली, तीळ?
कुठल्या गालावर?

पुढे दोन्हीकडून कुणी बोललं नाही.

मी ठिपका आठशे टक्के मोठा केला.
चौकोन. चौकोनाला लागून चौकोन.
विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं.
ठेवला. धूळ असेल तर धूळ.

प्रिंट निघाली तेव्हा दीड वाजला होता.
खाली नाव हवं होतं, आणि नव्या मशीनला
अजून मराठी येत नव्हतं.
मी त्यांना काळं मार्कर दिलं.
शाळा सुटल्यावर इतकं मोठं अक्षर
त्यांनी काढलं नसावं.
कै. गऊबाई
इथपर्यंत नीट आलं,
पुढे आडनावाला जागा उरली नाही,
तर म्हणाले, चालेल,
मंडईत एवढंच म्हणायचे.