ळ

‘निरोप’ दर शनिवारी निघायचा, करमाळ्यातून.
चार पानं, दहा पैसे.
वर्गणीदार तीनशे बारा, वर्गणी देणारे नव्वद.
कागद सोलापूरहून यायचा, एसटीच्या टपावर.

गुगळे वकील अग्रलेख लिहायचे
जुन्या वकीलपत्रांच्या पाठीवर,
अब्बा खिळे जुळवायचे, उलटे.

पेटीत ळ होते एकवीस.
शाळा, गूळ, वेळ, सगळे, करमाळा —
भागायचं कसंतरी.

बहात्तर साली पहिल्याच पानावर संपले.
गुगळे म्हणाले, “टंचाई लिहा की.
कलेक्टरही तेच लिहितात.”

अब्बांनी विडी विझवली.
चौथ्या पानाच्या तळाशी
मुद्रक : मैनुद्दीन तांबोळी.
त्यातला ळ चिमट्यानं उचलला
आणि दुष्काळात बसवला.
तिथं ल लावला, अंक सोडला.
(संपादकांच्या नावातला शाबूत राहिला.)

हेडमास्तरांनी तो अंक समोर ठेवूनच
माझं नाव पटावर घातलं.
तेव्हापासून मी तांबोली.

‘निरोप’ बंद पडला, खिळे शिशाच्या भावानं गेले.

परवा बँकेतला पोरगा म्हणाला,
“मावशी, आडनाव चुकलंय. दुरुस्त करू?
एक बटण दाबायचंय.”

म्हटलं, राहू दे.
आमचा ळ
दुष्काळी कामावर गेलाय.