पाऊणपट

तालुक्याच्या कागदावर लिहिलं होतं:
सत्र सकाळी दहा ते एक.
दहाला आमची खाडी म्हणजे नुसता चिखल.
तरीची होडी कलंडून पडलेली,
पलीकडच्या वाडीतल्या बाया
गुडघाभर गाळात तिसऱ्या वेचत.
पलीकडच्यांसाठी आणलेल्या कुप्या
तशाच परत गेल्या.
अहवालात रकाना असतो, 'प्रतिसाद'.
मी लिहिलं: अल्प.
ते अक्षर अजून खुपतं.

अलीकडे रांग होती.
बागवाले, लॉजवाले,
शहरात बसून बोटानं जागा धरलेले
आणि गाडी चालूच ठेवून उतरलेले.
वाईट नव्हती ती माणसं. घाबरलेलीच होती.
फक्त त्यांच्या मोबाईलला रेंज होती.

इब्राहिम परकार म्हणाला,
बाई, घड्याळ कशाला बघता?
तिथीची पाऊणपट करा.
आज चौथ. चार पाऊण तीन.
तीनला पाणी भरतं.

पंधरा दिवसांनी पुन्हा चौथ आली.
कागदावर मी दहा ते एकच ठेवलं
आणि तीनच्या पाण्यावर
शीतपेटी मांडीवर घेऊन बसले.

वाडीत सात जणं.
बाकीची घाटावर, कोळशाच्या भट्टीला.
दहा जमल्याशिवाय कुपी फोडू नये,
असं प्रशिक्षणात दोनदा सांगितलेलं.
चांगी हिलम हात पदराला पुसत म्हणाली,
"धा कुठनं आणू?
तिघं तर ह्याच तापात गेली."

मी कुपी फोडली.

उरले तीन डोस, आणि चार तास.
परतताना मधे नांगरलेला ट्रॉलर दिसला,
त्यावर नेपाळचे दोन खलाशी,
कार्ड मालकाकडे, मालक बंदरात.
पत्ता काय लिहू, विचारलं
तर एकानं खाली पाण्याकडं बोट दाखवलं.
लिहिलं: खाडी.
साहेब विचारतील. विचारू देत.

राहिला एक.
"चाचा, तुमची झाली ना?"
इब्राहिम हसला.
"दहा ते एक मी कुठं असतो, बाई?
होडी रुतलेली असो की तरंगती,
तिच्यापाशीच."
चाळीस वर्षं सगळ्यांना पल्याड नेणारा हा,
कुठल्याच काठाच्या यादीत नव्हता.

त्यानं वल्ही आत घेतली, बाही वर केली.
सुई काढून मी सवयीनं म्हटलं,
आता अर्धा तास बसून राहायचं.
तो पाण्याकडं बघत होता.
पाणी उतरायला लागलं होतं.