वाचनाची वेळ

सिएनफुएगोसच्या कारखान्यात दुपारी दोनला
एवारिस्तो उंच खुर्चीवर चढतो, चष्मा पुसतो
आणि कालच्या पानावरून पुढे निघतो.
खाली आम्ही साठजणी. बोटं चिरूट वळतात,
कान कादंबरीत.

कप्तान पुन्हा आलाय नोटरीच्या बायकोच्या खिडकीखाली.
तिच्या गळ्यावरचा तीळ त्याला पाठ आहे.
बर्फात उभा राहतो रात्रभर
(बर्फ आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नाही).
पाती आपटतात फळ्यांवर, खण् खण्: वाहवा!
एउलालिया तर डोळे पुसते बाहीला.

मी विचारलं, हात न थांबवता:
तिच्या धाकट्या मुलाचं नाव ठाऊक आहे का याला?
एवारिस्तोनं मागची पानं चाळली.
चारशे पानांत कप्तानाच्या तोंडी ते एकदाही नव्हतं.

हसल्या सगळ्या. मीही.
पण खोटं कशाला बोलू,
कुणीतरी असं उभं असेल म्हणून
मीही बत्ती उशिरा मालवली आहे
कितीदा.

संध्याकाळी निकानोर लिंबू कापून उंबऱ्यावर बसतो,
माझी बोटं एकेक करून चोळतो
तंबाखूचा काळा चीक निघेपर्यंत.
माझा तीळ कुठे, विचारून पाहा,
डोकं खाजवील.
पण चिरलेल्या बोटाशी आला
की लिंबू बाजूला ठेवतो, न बघता,
आणि नुसतं पाणी घेतो.

उद्या ती दार उघडणार, असं
एवारिस्तो पुस्तक मिटताना म्हणाला.
माझे हात निकानोरच्या हातात,
आणि मला उद्यापर्यंत
दम निघत नाही.