मुकी पट्टी

गाव अजून त्याला दगडी देऊळ म्हणतं.
आम्हीही दुरुस्त करत नाही.

घंटा समुद्रापलीकडून आली, वाठार स्टेशनात उतरली,
पुढं बैलगाडीनं, तीन मुक्काम करत.
वसनेच्या उतारावर गाडी कलंडली,
तेव्हापासून तिच्या ओठाला टवका आहे
आणि आवाज जरा तोतरा.
मला वाटायचं, सगळ्याच घंटा अशा बोलतात.

भिंती दुष्काळातल्या.
दिवसभर दगड वाहा, संध्याकाळी शेरभर जोंधळा पदरात घ्या.
हे कोनशिलेवर नाही.
तिथं फक्त साहेबाचं नाव
आणि एक वचन, भाकरीबद्दलचं.

उपदेशपीठ गणू सुताराच्या हातचं.
काय कोरायचं ते कुणी सांगितलं नव्हतं,
तर त्यानं जोंधळ्याची कणसं कोरली,
आणि खालच्या कोपऱ्यात, हळूच, एक राघू.
मागं एका पाळकांनी त्यावर रंधा मारायचं काढलं.
शिमोन अल्हाट आडवे आले :
"दाणे ठेवलेत ना? मग पाखरू येणारच."

बाप्तिस्म्याचं भांडं म्हणजे सलोमीबाईंचं घंगाळ,
माहेरून आलेलं.
काठावर त्यांच्या भावाचं नाव ठोकलंय.
त्या नावाखाली मी भिजले, माझी दोन्ही पोरं भिजली.

कोयनेच्या भूकंपात वेदीमागं चीर गेली.
दरसाल लिंपायचं ठरतं.
दरसाल नाताळ येतो, चिरेवर कागदी तारा टांगतो,
भागतं.

राहिली पेटी.
तिची मधली एक पट्टी मुकी,
माझ्या जन्माच्या आधीपासून.
तो सूर आला की गाण्यात खळगा पडायचा
आणि सगळी मंडळी तिथं श्वास घ्यायची,
अंधारातही उंबरा कळतो पायाला, तशी.
मिरजेला नेऊ, मिरजेला नेऊ म्हणत तीन खजिनदार वारले.

यंदा शांतवननं नेली.
एस्टीच्या मागच्या सीटवर, मांडीवर घेऊन.

रविवारी पहिलंच गीत.
आम्ही नेहमीच्या जागी थांबलो
आणि तो सूर
एकटाच वाजला.

पुढच्या सतरंजीवरची म्हातारी माणसं वळून बघायला लागली,
कोण आलं म्हणून.

पट्टी आता उत्तम आहे.
पावती वहीत चिकटवली आहे, बाराशे रुपये.
पण शांतवन तिथं आला की
बोट उचलतो.