मोकळी फळी

घर स्वस्तात मिळालं, कारण भिंतींवर रेघा आहेत.
दोन हजार पाचची खांद्याशी.
एकोणीसची वर, टाचा उंचावल्या तर बोटांना लागते.
एजंटनं तिच्यावर कॅलेंडर टांगलं होतं,
जणू रेघ कॅलेंडरएवढीच.

गावभागात तळमजल्याच्या दोन खोल्या,
वीस वर्षांचं कर्ज,
आणि डोक्यावर सागवानी तक्तपोशी :
कृष्णेचा हात न लागलेली
या घरातली एवढीच गोष्ट.

भाड्याच्या घरांत आम्ही कधी वर बघितलंच नाही.
छत मालकाचं. खिळासुद्धा विचारून.
आता रणजित स्टुलावर, मी टेबलावर,
माना मोडेस्तोवर खरवडतोय.
आधी पोपटी ऑइलपेंट,
त्याखाली निळा,
त्याखाली कुणाच्या तरी चुलीचा धूर.
ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर, मग एकशेवीस,
भुसा पापण्यांवर, चहात, उशीत.
संध्याकाळी आम्ही दोघं
मार्केट यार्डातल्या हळदीच्या हमालांसारखे पिवळे.

वर पद्माक्का राहतात.
आमचं छत ती त्यांची जमीन,
एकाच फळीचे दोन मालक.
त्यांनी भाकरी थापली की आमच्या डोळ्यांत माती.
आम्ही खरवडलं की त्या काठी आपटतात,
रागानं की सोबत म्हणून, कळत नाही.

पाचव्या रविवारी मोरीवरची रुंद फळी हलली.
एकही खिळा नाही.
रणजितनं स्क्रू आणले, पितळी, मोजून आठ.
ड्रिल घुरघुरलं मात्र,
फळी वरूनच उचलली गेली
आणि भोकात पद्माक्कांचा चष्मा :

"तेवढी ठोकू नकासा.
जिना बोळात, बोळात पुरुषभर पाणी.
मुजावरांचं बिऱ्हाड ह्यातनंच वर घेतलं मी.
शिलाई मशीन, दोन पोरं, एक कोंबडी.
मुजावर अडकला की मधेच!
तेल लावून ओढला."

मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही.
मग त्या म्हणाल्या, "चहा झाला का?"

स्क्रू कागदात गुंडाळून ठेवलेत.
स्पिरिटात लाख भिजवून तीन हात दिले छताला,
त्या एका फळीला दोन्ही अंगांनी.
वरचं अंग आमचं नाही, तरी दिले.

छत आता चमकतं.
पाहुणे विचारतात, कोपऱ्यात फट कशी राहिली?
रणजित म्हणतो, लाकूड आहे, आक्रसतं.

रात्री दिवे मालवले की
पद्माक्कांच्या देवघरातला उजेड
त्या फटीतून सुतासारखा उतरतो
आणि भिंतीवर पडतो,
पाचच्या रेघेच्या थोडा वर,
एकोणीसच्या बराच खाली.
कधी कधी मी उठून तिथं बोट ठेवून बघते.

कोरडं आहे.