ओढलेला सूर

उखर्डू मास्तरांचा बाजा हॅलोरन ड्रायव्हरनं दिलेला,
भुसावळच्या लोकोशेडात, साठ सालच्या उन्हाळ्यात,
ऑस्ट्रेलियाला जाताना.
चौथं घर तेव्हाच बसकं.

जनता बँडात आम्ही अकरा जण. लाल कोट,
पाठी घामाच्या मिठानं पांढऱ्या.
वरातीत मास्तर क्लॅरिनेट धरायचे,
फर्माइशी, उधळलेली चिल्लर, नवरदेवाचा झिंगलेला मामा.
पण रात्री सावद्याहून परतताना, ट्रकात,
केळीच्या घडांवर पाय सोडून
खिशातनं तो काढायचे.

"बाकीचे बाजे फुकल्यावरच बोलता रे.
हा श्वास आत घेतानाबी बोलते.
आन् ओढताना सूर वाकते.
वाकू दे. सरळ करायले जाऊ नको."

कोळसा गेला, इंजिनांची शिट्टी बदलली.
मग डीजे आला. कोट
रावेरच्या तमासगिरांनी किलोवर नेले.
मास्तर दम्यापायी बसूनच झोपायचे;
छातीत सगळी घरं एकदम वाजायची.

बाजा आता माझ्याकडं. मी झांजवाला,
मला वेळेवर आपटणं तेवढं ठाऊक.
फुंकलं तर तपकिरीचा वास येतो.
ओढलं की
चौथ्या घराशी हवा जराशी अडते,
आउटरला उभ्या मालगाडीसारखी