खुंट

पस्तीस वर्षं मी उजेडावर कागद धरला.
नाशिकरोडचा छापखाना, तपासणीचं लांब टेबल,
एका तावात शंभर तिकिटं,
आणि शंभरातलं एक,
ज्याच्या कडेची भोकं अर्ध्या केसानं सरकलेली.
तेवढ्यासाठी अख्खा ताव बाद.
लाल पेन्सिलीची एक फुली,
की गेला भट्टीत.

निवृत्त झालो. डोळे तसेच राहिले,
कागद तेवढा गेला.
मग जेलरोडच्या रो-हाऊसमागे,
दहा बाय चौदा फूट मातीत,
दोन झाडं लावली:
एक कागदी लिंबू (नाव ऐकूनच घेतलं)
आणि एक मोसंबी, कलमी,
मखमलाबादच्या नर्सरीतून, पावतीसकट.

लिंबावर अळी येते.
लहानपणी ती हुबेहूब चिमणीची शीट असते,
काळपट, मधे पांढरा डाग, वर ओली चमक.
माणसं फसतात. चिमण्यासुद्धा फसतात.
मी नाही फसलो.
पान उलटं केलं, उन्हाकडे धरलं,
म्हटलं, बाई, छपाई उत्तम आहे,
पण शीट कधी चालत नाही.

सकाळी सहा ते साडेसहा, चिमटा घेऊन,
रोज सात-आठ नकला.
मंदा वरच्या गॅलरीतून विचारायची,
"ओव्हरटाइम मिळतो का हो?"

एक सुटली.
गॅसच्या पाइपामागे तिनं कोष केला
आणि एका पहाटे मंदानं मला हलवून उठवलं,
काळं-पिवळं, अजून पंख वाळायचे होते.
दोघं चहा गार होईपर्यंत तिथंच उभे.
मी म्हटलं, नजरचुकीनं राहिली.

डिसेंबरात पारा सहावर आला.
शेजारचे कोठुळे, पिंपळगावाकडे द्राक्षबाग,
कुंपणावरून म्हणाले, ताण द्या.
पाणी तोडा एकवीस दिवस, पानं मलूल होऊ द्या.
जिवाची भीती वाटल्याशिवाय
झाड बहार धरत नाही.
मी बारा दिवस तोडलं.
तेराव्या रात्री कोपऱ्यावरची शेकोटी विझवायला
बादली भरून निघालो होतो,
वाटेत पानं दिसली, पन्हळीसारखी वळलेली.
शेकोटी आपली आपण विझली.
बहार निम्माच आला.
कोठुळ्यांना सांगितलं, हवामान.

मोसंबीला पाचव्या वर्षी फळं लागली.
खरबरीत साल, देठाशी गळू आल्यासारखा फुगवटा.
मला वाटलं, पहिलं पीक आहे, सुधारेल.
पहिली फोड नातीला दिली, गार्गीला.
तिनं डोळे मिटले, खांदे कानांपर्यंत नेले,
आणि थुंकली.
"आजोबा, हे खोटंय."

नर्सरीवाला आहेर स्कूटरवरून आला.
फळ बघितलंच नाही त्यानं, खाली वाकला,
मातीपासून वीतभर वर बोट ठेवलं.
"इथं मोसंबीचा डोळा भरला होता काका.
दुसऱ्या वर्षीच मेला असणार.
हे सगळं खालून फुटलंय.
जंबेरी. खुंटच वाढवलात तुम्ही."

त्या जागी बोटाएवढं वाळकं लाकूड होतं.
तीन वर्षं मी त्याच्यावर
चिमट्याची पिशवी अडकवत होतो.

"करवत आणू?" आहेरनं विचारलं.
खिशाला हात गेला माझा, सवयीनं,
लाल पेन्सिल असायची त्या खिशाला.
खिशात पावती होती.
झाड अंगणभर पसरलेलं, हिरवंगार,
काट्यांसकट, फळांनी वाकलेलं,
पाच वर्षं वेळेवर पाणी प्यालेलं,
कुणाचं नाव आपल्याला दिलंय
हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मंदा तोवर टोपली घेऊन खाली आलेली.
एक फळ तिनं नखानं टोचलं, हुंगलं,
बोट चाटलं.
"मीठ आणा दोन किलो. जाडं.
आणि ह्यांना चहा तरी विचारा."

पाच बरण्या झाल्या.
एक कोठुळ्यांकडे, एक आहेरकडे जायची होती.
चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं.
निळी शाई, छापील वळण,
कडा पट्टीनं आखून घेतलेल्या.
पाचही चिठ्ठ्यांवर लिहिलं: मोसंबी.

मंदानं वाचलं.
चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिलं.
मग म्हणाली,
शाई वाळू द्या आधी,
मग डकवा.